मास्टर फाईलमधला लपवलेला कॉलम

आमच्या संशोधन केंद्रात फाईल मिळणं हा एक छोटा समारंभ होता. नव्या विद्यार्थ्याने कँटीनमधून सगळ्यांसाठी आलूबोंडे आणायचे, आधीच्याने त्यातला पहिला आमच्या मार्गदर्शक सरांच्या केबिनमध्ये नेऊन द्यायचा, आणि मग सगळ्यांसमोर पेन ड्राइव्ह नव्याच्या हातात ठेवायचा. त्यात एकच एक्सेलची फाईल असायची. तिला सगळे मास्टर फाईल म्हणत. मला ती देणारी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती. तिची पीएच.डी. नुकतीच झाली होती आणि कामठीच्या एका कॉलेजात ती लागली होती. पेन ड्राइव्ह दिल्यावर तिने स्वतःच माझी बोटं मिटवली आणि म्हणाली, "सांभाळ वं. अन् यात जास्त खुडबुड नको करू. जशी आहे तशी चालते."

मी हसले. अशा वेळी मी हसतेच, कारण काय बोलायला हवं होतं ते मला घरी गेल्यावर सुचतं.

माझा विषय होता चलनांवर होणारे सट्टेबाजांचे हल्ले. घरी तो समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले. एखादा देश म्हणतो, आमच्या चलनाचा डॉलरमधला भाव आम्ही ठरवला आहे आणि तो आम्ही राखू. राखायचा म्हणजे कोणी ते चलन विकायला आलं की देशाच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या साठ्यातले डॉलर देऊन ते विकत घ्यायचं. साठा आहे तोवर हे चालतं. मग काही लोक अंदाज बांधतात की हा साठा कधी संपेल, आणि त्याच्या आधीच ते चलन उसनं घेऊन विकत सुटतात. त्यांना बघून बाकीचे. साठा खरोखर पुरेसा होता की नाही याला मग काही अर्थ राहत नाही. आईने हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सिलिंडर मिळणार नाही अशी बोंब उठली का सगळे रांगेत लागतात, अन् मग खरंच मिळत नाही, तसं."

याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही.

हा हल्ला होण्याआधी आकड्यांमध्ये त्याची चाहूल लागते का, हे शोधणं म्हणजे आमचं मॉडेल. चलनाचा भाव किती घसरला, डॉलरचा साठा किती आटला, व्याजदर किती चढला, असे महिन्यामहिन्याचे आकडे एकत्र करून एक दाब मोजायचा. प्रत्येक देशासाठी धोक्याची एक रेषा ठरवायची. दाब त्या रेषेच्या वर गेला की घंटा वाजली, असं आम्ही म्हणायचो. घंटा वाजल्यावर वर्षा-दोन वर्षांत हल्ला झाला तर घंटा खरी. मास्टर फाईलमध्ये घंटा जवळपास प्रत्येक मोठ्या संकटाच्या आधी वाजत होती. मेक्सिको, थायलंड, इंडोनेशिया. या घंटेवर सरांचा एक गाजलेला पेपर होता. रुपया घसरला की इथल्या वर्तमानपत्रांतून त्यांना फोन यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोटोखाली ‘आमच्या मॉडेलनुसार’ने सुरू होणारं वाक्य छापून यायचं. माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय म्हणजे हीच घंटा, आणखी काही देश आणि अलीकडची वर्षं घालून.

पहिल्या दिवशी सरांनी मला पूर्ण नाव विचारलं होतं. मी फक्त पहिलं सांगितलं. "पूर्ण सांग, बेटा, पूर्ण." मी आडनाव सांगितलं. ते थोडं थांबले, मग मान हलवून म्हणाले, "अच्छा, अच्छा. हुशार असता तुम्ही लोक." नागपुरात वाढलेल्या माणसाला या थांबण्याची लांबी बरोबर मोजता येते. आमचं घर जरीपटक्याच्या अलीकडे, आमच्याच लोकांच्या वस्तीत आहे, आणि तो प्रश्न मला पहिलीच्या वर्गापासून ओळखीचा आहे. मी मानेनेच हो म्हटलं.

केंद्रात माझं नाव कॉन्व्हेंटवाली पडलं. मी बोलत नाही म्हणजे मला घमेंड आहे, असं सगळ्यांचं ठरलं होतं. मला मराठी आकडे नीट येत नाहीत, हे त्यांना कळलं त्या दिवशी तर मेजवानीच झाली. "एकोणऐंशी म्हणजे किती गं, सेव्हन्टी नाईन का एटी नाईन?" एकजण जेवणाच्या डब्यावरून रोज विचारायचा. मी रोज बरोबर उत्तर द्यायचे, आणि रोज ते हसायचे. मी बरोबर सांगितलं याचंच त्यांना हसू यायचं बहुतेक.

मग तो मे महिना. माझी फेलोशिप संपायला सहा महिने राहिले होते. दुपारी केंद्रात कोणी थांबत नसे. लायब्ररीतला कूलर तेवढा चालू असायचा, म्हणून मी तिथे बसायचे. ताईचा प्रबंध कपाटातून काढून मी माझ्या परिच्छेदांची रचना तिच्यासारखी आहे का, ते बघत होते. काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. तिसऱ्या अध्यायात थायलंडचा तक्ता होता. त्यात घंटा शहाण्णवच्या नोव्हेंबरमध्ये वाजली होती.

माझ्या लॅपटॉपवर तोच तक्ता उघडा होता. त्यात घंटा सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये वाजत होती.

मला वाटलं, माझीच काही चूक. मी त्या देशाचे जुने आकडे एकेक करून ताडून पाहिले. आकडे तेच होते, एकही बदललेला नव्हता. बदललं होतं ते भाकीत. शहाण्णवच्या नोव्हेंबरमध्ये जे दिसलं असं ताई म्हणत होती, ते आता त्या नोव्हेंबरमध्ये दिसत नव्हतं. इतक्या वर्षांपूर्वीच्या महिन्याला आपला अंदाज मध्येच बदलता कसा येईल, हे मला कळेना. कूलरचं पाणी संपून त्यातून नुसती गरम हवा यायला लागली तरी मी तिथेच बसून होते.

शेवटी मी फाईलच्या कॉलमांची अक्षरं वाचत गेले. वरच्या पट्टीत एक अक्षर गाळलेलं होतं. एक कॉलम कोणीतरी लपवला होता. एवढ्या वर्षांत मी तिथे कधी बोट ठेवलं नव्हतं. मी तो उघडला.

त्यात धोक्याची रेषा होती. ती काढायला आख्ख्या कॉलमची सरासरी घेतली होती, पहिल्या महिन्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. आमच्याकडे प्रत्येक नवा विद्यार्थी फाईलच्या तळाशी नव्या वर्षांच्या ओळी जोडतो. मीही जोडल्या होत्या. ओळी वाढल्या की सरासरी बदलते, सरासरी बदलली की रेषा सरकते, आणि रेषा सरकली की पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची घंटा आपली जागा सोडते. म्हणजे शहाण्णवमधल्या त्या महिन्यात उभं राहून आम्ही पुढे बघत नव्हतोच. आम्ही आज इथे बसून, संकट कधी आलं ते माहीत असताना, त्याच्या थोडं आधी घंटा टांगत होतो. त्या रेषेच्या शेजारी प्रत्येक देशासाठी एक वेगळा आकडा होता, हाताने टाइप केलेला. थायलंडला एक, इंडोनेशियाला दुसरा. त्या आकड्याला कुठलंही सूत्र नव्हतं.

पुढचे दहा दिवस मी एकच काम केलं. फाईल एका महिन्यापाशी कापायची, त्या महिन्यापर्यंत जे माहीत होतं तेवढ्यावरूनच रेषा काढायची, घंटा वाजते का बघायची. मग एक महिना पुढे. प्रत्येक देशासाठी, पहिल्यापासून. हे करायला कोणी विचारलं नव्हतं आणि कोणाला सांगितलंही नाही. काही देशांत घंटा शांत वर्षांमध्ये सारखी वाजत राहिली. काही देशांत सगळं आटोपल्यावर वाजली. बरोबर वेळी वाजली अशी मोजकी ठिकाणं होती, आणि तीही नाणं उडवून मिळाली असती इतकीच. तिसरा अध्याय नव्हताच. माझा नव्हता, ताईचा नव्हता, सरांचाही नव्हता.

थायलंडबद्दल एक गोष्ट मी वाचली होती, ती त्या दिवसांत डोक्यात घोळत राहायची. तिथलं चलन, बाट, कोसळण्याआधी तिथल्या मध्यवर्ती बँकेचा डॉलरचा साठा कागदावर ठीक दिसत होता. प्रत्यक्षात त्यातला बराचसा पुढच्या तारखांच्या वायद्यांत आधीच देऊन झाला होता, आणि हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं. हे वाचताना मला ती बँक फार लांबची वाटली होती.

मी आधी ताईकडे गेले. रविवार होता. ती सक्करदऱ्याला राहते. तिच्या घरी पाहुणे होते म्हणून तिने मला गच्चीवर नेलं. वाळत घातलेल्या कुरडयांच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. मी अडखळत सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला तिने मला थांबवलं.

"मले मालूम आहे."

"काय?"

"ओळी वाढल्या का घंटा सरकते. मग बाजूचा तो आकडा थोडा खाली-वर करायचा, का पुन्हा जागेवर येते. मले माझ्या आधीच्यानं सांगितलं होतं. मी तुले नाही सांगितलं. म्हणून तर लपवला तो कॉलम. तू काहून उघडला?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही लपवला?"

"तुले त्रास नको म्हणून." ती खरंच चिडली होती. "तू आपली साधी पोरगी. माहीत नसतं तर सही करून मोकळी झाली असती. आता तुले माहीत आहे. आता बस."

खालून कोणीतरी तिला हाक मारली. ती आले म्हणाली, आणि जाता जाता वळली. तिचा आवाज खाली आला होता. "हे बघ. सरांच्या जातीचा कोणी असता अन् त्यानं हे काढलं असतं, तर त्याले म्हणले असते, वा, काय नजर आहे. तुले नाही म्हणणार. आपल्याले दुसरा चान्स कोण देते? सांग."

त्या कुरडयांवर एक चिमणी बसायला बघत होती, तिला मी हाकललं. एवढंच मी त्या गच्चीवर केलं.

बाबा रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. त्या वर्षी त्यांची नोकरी संपायची होती. सकाळी बूट पॉलिश करायला ते दारात बसत, तेव्हा मी चहा घेऊन शेजारी बसायचे. आमचं बोलणं व्हायचं ते तेवढ्यातच. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. म्हटलं, बाबा, आमच्या मॉडेलमध्ये थोडा बिघाड आहे.

त्यांनी ब्रश थांबवला नाही. "बिघडली का घंटा काय करते?"

"म्हणजे?"

"आमचा सिग्नल बिघडला, वायर तुटली, करंट गेला, काही झालं, तरी तो लाल होते. तसंच बनवलं हाय त्याले. गाडी थांबते. लोक आम्हाले शिव्या घालतात, गार्ड बोंबलते, डीआरएम साहेबाच्या ऑफिसातून फोन येते. पण थांबते. तुमची बिघडली का लाल होते का हिरवी?"

संकट येऊन गेल्यावर घंटा मागे नेऊन टांगायची, म्हणजे दरवेळी बघणाऱ्याला वाटणार की पुढच्या वेळीही ती आधी वाजेल. वाजली नाही म्हणजे सगळं ठीक.

"हिरवी," मी म्हटलं.

बाबांनी दुसरा बूट उचलला. "आमच्याकडे असं सर्किट पास नाही होत, बेटा," ते म्हणाले. मग बुटावर ब्रश फिरवत, "पण तुमचे सर शिकलेले हायत. त्याइनं काही विचार केला असन."

त्यांच्या तोंडचं हे दुसरं वाक्य मला आवडलं नाही. पहिल्यावरून माझी सुटका करून घ्यायला ते फार सोयीचं होतं, आणि मी ते वापरणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

सरांच्या केबिनमध्ये मी दोन कागद घेऊन गेले. एक फाईलमधला तक्ता, एक महिन्यामहिन्यापाशी कापून काढलेला. सर फोनवर होते. लकडगंजच्या कुठल्यातरी प्लायवुडवाल्याशी त्यांच्या घराच्या कामाचं बोलणं चाललं होतं. ते संपेपर्यंत मी उभी राहिले. मग कागद पुढे केले. मराठीत बोलायचं ठरवून आले होते, पण घाबरले की माझं इंग्रजीच पुढे येतं.

"सर, इट यूजेस द फ्यूचर."

"काय?"

"ती रेषा पूर्ण कॉलमची सरासरी घेते."

"मग? सरासरी काय अर्ध्या कॉलमची घेतात?" ते हसले. मी हसले नाही. तेव्हा त्यांनी दोन्ही कागद बघितले. बरेच बघितले. ते मूर्ख नाहीत. त्यांना समजायला दोन मिनिटंही लागली नसतील, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्यांना नवीन आहे. ताईला माहीत होतं, तिच्या आधीच्याला माहीत होतं, सरांना नव्हतं. त्यांच्या पोरांनी ते त्यांच्यापासून लपवत आणलं होतं, प्रत्येकाने आपापली घंटा जागेवर बसवून.

मला वाटलं, आता ते विचारतील, हे तू कसं शोधलंस.

"चहा घेते?" ते म्हणाले. बेल वाजवली. मग कागद उलटे ठेवले. "तुझ्याआधी चार जण या फाईलवर डॉक्टर झाले. दोघं आज विभागप्रमुख आहेत. त्यांच्या नोकऱ्या घालवायच्या का?"

"नाही, सर."

"माझा पेपर परत घ्यायला लावायचा का?"

"नाही, सर."

"मग काय पाहिजे तुला, बेटा?"

खरं म्हणजे मला काहीच नको होतं. फक्त त्या तक्त्याखाली माझं नाव नको होतं. पण तो तक्ता काढला तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर फेलोशिपची पाच वर्षं कशाची होती हे घरी कसं सांगायचं. मी खुर्चीच्या हातावरचं फाटलेलं रेक्झिन बोटाने दाबत बसले.

"तुमच्या लोकांचं हे असंच असते," सर म्हणाले. रागाने नाही, थकल्यासारखे. "संधी मिळते, तर तिच्यातच खोट काढत बसता. काहून डोकं खराब करून राहिली?" चहा आला. त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला, साखर विचारली. आणि मग त्यांनी एक मोठेपणा केला. "हा तुझा दुसरा तक्ता आहे ना, तो परिशिष्टात टाक. मी नाही म्हणत नाही. तिथे कोणी जात नाही, अन् तुझं मनही राहील."

मी तो चहा प्याले. माझी चूक कुठे झाली असं मला कोणी विचारलं तर मी तो चहा सांगेन.

तिसऱ्या अध्यायात मी घंटा जागेवर बसवली. बाजूचे आकडे थोडे खाली-वर केले, ताईने सांगितलं तसे. एका दुपारचं काम होतं. थायलंडची घंटा पुन्हा नोव्हेंबरात गेली. परिशिष्ट ‘ग’मध्ये, लहान अक्षरांत, दुसरा तक्ता घातला, आणि त्याच्याखाली एक वाक्य: केवळ त्या-त्या वेळी उपलब्ध माहितीवर आधारित निष्कर्ष मुख्य निष्कर्षांशी जुळत नाहीत. प्रबंध इंग्रजीत होता, तेव्हा हे वाक्यही इंग्रजीत. ते मी इतकं सभ्य आणि बारीक लिहिलं की वाचणाऱ्याला ते ओलांडून जाता यावं. मला असं लिहिता येतं. शाळेत तेच शिकवलं होतं.

बर्डीतल्या बाइंडिंगवाल्याने सोनेरी अक्षरं ठोकायच्या आधी माझं नाव एका चिठ्ठीवर लिहून दाखवलं. "मॅडम, बरोबर आहे ना? एकदा ठोकलं का मग बदल नाही होत."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मौखिक परीक्षेच्या दिवशी जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. ती विद्यार्थ्याकडेच असते. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तिखट चालत नाही, हे सरांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, आणि त्याची धाकधूक मला प्रश्नांपेक्षा जास्त होती. प्रश्न तीन आले. संदर्भसूचीत एका ठिकाणी पानांचे क्रमांक का नाहीत. हे मॉडेल रुपयाला लावता येईल का. त्यावर सरांनीच उत्तर दिलं. तिसरा प्रश्न माझ्या वडिलांच्या व्यवसायाबद्दल होता. मी सांगितल्यावर परीक्षक म्हणाले, "वा, कौतुक आहे." मग त्यांनी प्रबंध हातात तोलला, मागची पानं अंगठ्याने फर्रकन सोडली आणि म्हणाले, "परिशिष्ट भरपूर आहे. मेहनत दिसते."

त्या अंगठ्याखालून परिशिष्ट ग गेलं. मी बघत होते. जेवण मात्र त्यांना आवडलं.

आमच्या घरात भिंतीवर दोन फोटो आहेत, आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी असतात. त्यांच्या खालच्या फळीवर बाबांनी माझा प्रबंध ठेवला. आधी तिथे पितळी समई आणि एक ग्रंथ असायचा, समई त्यांनी बाजूला सरकवली. घरी कोणी आलं की ते प्रबंध उतरवून दाखवतात, पान न उघडता, सोनेरी नावावर बोट ठेवून. आजोबा छप्पन साली दीक्षा घ्यायला त्या मैदानावर गेले होते, तेव्हा त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, हेही सांगतात. मी तेव्हा आत निघून जाते. पाहुण्यांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.

बाबांनी मला त्या बिघाडाबद्दल पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणते.

आता मी त्याच केंद्रात तासिका तत्त्वावर शिकवते. सर निवृत्त झाले. रुपया घसरला की वर्तमानपत्रवाले कधीकधी मला फोन करतात, मी मीटिंगमध्ये आहे म्हणते. मास्टर फाईल माझ्याकडे होती. दोन वर्षं तिला कोणी विचारलं नाही. मग या जूनमध्ये एक नवी मुलगी आली. हसरी, बडबडी, अमरावतीकडची. ती स्वतःच आलूबोंडे घेऊन आली, कारण तिला कोणीतरी रीत सांगितली होती.

आदल्या दिवशी मी फाईल उघडून बसले होते. काय करायचं ते मी ठरवून आले होते. तिला समोर बसवायचं, लपवलेला कॉलम दाखवायचा, बोर्डावर काढून समजवायचं. मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण मग ती विचारणार, मॅडम, मग तुमच्या प्रबंधात कसं जमलं? तिने विचारलंच असतं. ती विचारणारी आहे. त्या प्रश्नाशी येऊन माझी सगळी वाक्यं संपत होती. म्हणून मी वेगळं केलं. कॉलम उघडा ठेवला, आणि वरपासून खालपर्यंत लाल रंगाने भरला. कोणालाही दिसेल असा भडक लाल. मला वाटलं, एवढं पुरे आहे. ती थांबेल, विचारेल, आणि मग मी सांगेन.

पेन ड्राइव्ह देताना मी तिची बोटं मिटवली नाहीत. "नीट बघून घे," एवढंच म्हटलं.

"हो मॅडम, एकदम नीट," ती म्हणाली, आणि आलूबोंडा अर्धा तोंडात असतानाच हसली.

आठवड्याने ती आली. नव्या ओळी जोडून झाल्या होत्या, तक्त्याची प्रिंटही काढली होती. छान, स्वच्छ प्रिंट. मी पान उलटून पाहिलं. मध्ये कुठेच लाल नव्हतं.

"मॅडम, मधात एक कॉलम पूर्ण लाल होता ना, कोणीतरी चुकून केला असेल, तो मी साफ केला. प्रिंटमध्ये लई वाईट दिसत होता. मग पान आडवं मावत नव्हतं, म्हणून तो लपवूनच टाकला." ती माझ्याकडे बघत राहिली, शाबासकीची वाट बघत. "बरोबर केलं ना?"

बाहेर व्हरांड्यात तिची मैत्रीण थांबली होती, ती हाक मारत होती, "काहून इतका वेळ लावून राहिली वं?"

"बरं केलंस," मी म्हणाले.

तिने प्रिंट छातीशी धरली आणि गेली. आमच्या इमारतीचा जिना लांबलचक आहे, मध्ये दोन वळणं आहेत. तिच्या चपलांचा आवाज पहिल्या वळणापर्यंत स्पष्ट येत होता, मग दुसऱ्या. हाक मारायला तेवढा वेळ माझ्याकडे होता.